चौल : जगाची उतारपेठ



रायपूरच्या बूढापाऱ्यापासून समुद्र लांब आहे. पुरीला जा नाहीतर मुंबईला, एक रात्र गाडीत काढावीच लागते. आपल्या रायपूरच्या मराठी घरांत कोकणची ओळख बहुधा आंब्यांची आणि किल्ल्यांची असते. आज मला तुम्हाला कोकणातल्या एका बंदराबद्दल सांगायचं आहे. ते बंदर म्हणजे चौल.

अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदीच्या मुखाशी चौल आणि रेवदंडा ही जोडगावं आहेत. आज तिथं नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. पण कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांनी दानं दिली, त्यांतले काहीजण स्वतःला चेमूलचे म्हणवतात. ते चेमूल म्हणजेच हे चौल. ग्रीक खलाशांना ते सेमुल्ला म्हणून ठाऊक होतं आणि अरबांना सैमूर म्हणून.

इ.स. 916 च्या सुमारास बगदादचा अल-मसूदी इथं आला. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं मसूदीनं लिहून ठेवलं आहे. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, तर कितीतरी इथंच जन्मलेले. राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमी. त्याला ‘हुनरमान’ म्हणत, आणि त्या समाजाचे तंटे तोच मिटवी. मला चौलच्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. शिडाची गलबतं वाऱ्याच्या हंगामावर चालत. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्याला परक्या गावात कित्येक महिने काढावे लागत. त्याला घर हवं, प्रार्थनेची जागा हवी, उधारी देणारा सावकार हवा आणि भांडण झालं तर दाद मागायला माणूस हवा. हे सारं जिथं मिळे, तिथं गलबत पुढच्या वर्षी परत येई.

चीनच्या फुजियान प्रांतातलं च्वानचौ बंदरही असंच वाढलं. अरब त्याला झैतून म्हणत. तिथं अकराव्या शतकाच्या आरंभीची मशीद आहे. तिथल्या शिवमंदिराशी निगडित 1281 चा तमिळ शिलालेख सापडला आहे, आणि तिथल्या बौद्ध मंदिराच्या काही खांबांवर आपल्या पुराणांतले प्रसंग कोरलेले आहेत. चौदाव्या शतकात मात्र त्या शहरात बंडाळी झाली, परदेशी वस्तीची कत्तल झाली, आणि झैतूनची भरभराट ओसरली.

इकडे चौलला सगळ्यांत किमती माल येई तो घोडा. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नसे, आणि तिथल्या सुलतानांचं तर घोडदळावाचून चालत नसे. रशियाचा अफनासी निकितीन 1470 च्या आसपास होर्मुझहून चौलला उतरला, तो विकायला एक घोडा घेऊनच. उघड्या डोक्याची, वेणी घातलेली माणसं पाहून तो चकित झाला, आणि गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागून चालू लागले. पुढे घाट चढून तो जुन्नरला गेला. तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला, आणि तो परत मिळेपर्यंत बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

1508 मध्ये पोर्तुगीज आणि इजिप्तचं आरमार चौलच्या खाडीत भिडलं, आणि व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सू तिथं पडला. 1521 मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. आता समुद्रात जायचं तर त्यांचा परवाना लागे, आणि परवान्याविना निघालेलं गलबत जप्त होई. पैसा मात्र आटला नाही. डच प्रवासी लिन्सखोतेन सांगतो, की चीनहून कच्चं रेशीम मोठ्या प्रमाणावर इथं येई आणि चौलचे विणकर त्याची वस्त्रं विणत. आपल्या छत्तीसगढी कोष्ट्यांना कोसा रेशीम आपल्याच रानातून मिळतं. चौलच्या मागावरचा धागा मात्र मलाक्का ओलांडून येई. तिकडचं एखादं गलबत चुकलं, तर इथला माग थांबणार. दोन हजार मैलांहून लांबच्या समुद्रावर एका गावाची चूल अवलंबून होती.

सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली, तेव्हा चौलच्या विणकरांना त्यांनी मुद्दाम बोलावलं. कसब तिकडे गेलं, मागोमाग व्यापार गेला. खाडीही गाळानं भरत चालली होती. 1740 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून चौल घेतलं, तेव्हा गावाचा बहर सरला होता.

माणसं मात्र सगळी गेली नाहीत. रेवदंड्यात बेने इस्रायली ज्यू समाजाचं बेथ एल सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत. आणि खाडीपलीकडे, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी, ख्रिस्ती कुटुंबं अजून एक पोर्तुगीजजन्य बोली बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती टिकली, आणि टिकताना मराठीचं वळण घेत गेली. बोलणारे आता हजाराच्या आसपास उरले आहेत. अमेरिकेतले भाषाअभ्यासक क्लेमेंट्स यांनी 1996 मध्ये तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. रायपुरात घरी मराठी आणि बाहेर हिंदी-छत्तीसगढी बोलत वाढलेल्या आपल्या मुलांना कोर्लईच्या मुलांशी बोलायला पुष्कळ काही सापडेल. पुढच्या सुट्टीत अलिबागला गेलात, तर तेवढी खाडी ओलांडून कोर्लईला जाऊन या.