गुंगीचे औषध कोणी द्यावे?

एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी यांसारख्या तपासण्यांसाठी रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागत नाही, गुंगी पुरते. मात्र गुंगी आणि भूल यांच्यामध्ये पक्की सीमारेषा नसते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 1999 साली त्यांच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिलीत रुग्ण फक्त शांत होतो. दुसरीत तो पेंगतो, पण हाक मारली की ओ देतो. तिसरीत वारंवार हलवावे किंवा दुखेल असे काही करावे तेव्हाच प्रतिसाद मिळतो, आणि श्वास अपुरा पडू शकतो. चौथी म्हणजे पूर्ण भूल. एकच मात्रा एका रुग्णाला दुसऱ्या पायरीवर ठेवते, तर तेवढीच एखाद्या वृद्धाला तिसरीच्याही पलीकडे नेते. म्हणून संघटनेचा नियम असा, की ज्या पायरीपर्यंत रुग्णाला न्यायचे आहे, तिच्या पुढच्या पायरीवर तो घसरला तरी त्याला सावरता येईल, अशाच माणसाने औषध द्यावे. औषध कोणी द्यायचे, या वादात हीच कसोटी सर्वांत खरी आहे.

ती का लागली, हे मिडॅझोलाम या गुंगीच्या औषधाच्या अनुभवावरून कळते. 1985 च्या अखेरीस अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत श्वास मंदावून रुग्ण दगावल्याच्या नोंदी येऊ लागल्या. मात्रा कमी करण्यात आली, माहितीपत्रकावर ठळक इशारा छापला गेला. 1991 मध्ये त्यावर फ्लुमाझेनिल हा उतारा उपलब्ध झाला.

प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध अमेरिकेत 1989 साली आले. सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांच्या मिश्रणात ते असते. मिनिटाच्या आत गुंगी येते आणि काही मिनिटांत उतरते. रुग्ण लवकर घरी जातो, म्हणून पोटविकारतज्ज्ञांना ते फार सोयीचे वाटते. परंतु त्यावर उतारा नाही. श्वास थांबला तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करणे, मास्क आणि फुगा लावून श्वास देणे, गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालणे, एवढेच हाती उरते, आणि तेही तातडीने. म्हणून त्याच्या माहितीपत्रकात अट आहे, की पूर्ण भूल देण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि त्या वेळी प्रत्यक्ष तपासणी करत नसलेल्या व्यक्तीनेच ते द्यावे.

ही अट काढावी, असा अर्ज तेथील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2005 मध्ये अन्न व औषध प्रशासनाकडे केला. भूलतज्ज्ञाचे शुल्क वाढते, प्रशिक्षित परिचारिका हे काम सुरक्षितपणे करू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये खास प्रशिक्षित परिचारिका डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रोपोफॉल देतात. तरीही 2010 मध्ये प्रशासनाने अर्ज फेटाळला, आणि ते योग्यच झाले. परिचारिकांना शिकवून तयार करणे वेगळे आणि प्रशिक्षणाची अटच पुसून टाकणे वेगळे. त्याच्या आदल्या वर्षी गायक मायकेल जॅक्सन यांचा मृत्यू घरात, झोपेसाठी दिलेल्या प्रोपोफॉलमुळे झाला होता. तेथे पुरेशी उपकरणे नव्हती आणि रुग्णावर सतत नजरही नव्हती. औषध देणाऱ्याकडे डॉक्टरची पदवी होती. पदवीने भागत नाही ते असे.

मग औषधच बदलून अडचण टळेल का, असा प्रयत्न झाला. शरीरात गेल्यावर हळूहळू प्रोपोफॉलमध्ये रूपांतर होणाऱ्या फॉसप्रोपोफॉलला डिसेंबर 2008 मध्ये मंजुरी मिळाली. पण शेवटी रक्तात प्रोपोफॉलच तयार होत असल्याने अटही तीच लागू झाली. भूलतज्ज्ञ लागणारच असेल तर नव्या औषधाचा फायदा काय, हा प्रश्न उरला आणि ते बाजारात टिकले नाही. प्रोपोफॉलची मात्रा संगणकाने ठरवणारे ‘सेडॅसिस’ हे यंत्र 2013 मध्ये मंजूर झाले. मागणीअभावी 2016 मध्ये कंपनीने ते बंद केले.

2020 मध्ये मंजूर झालेले रेमिमाझोलाम हे मिडॅझोलामच्या कुळातले. ते मुख्यतः यकृतातील एस्टरेझ विकरांमुळे झपाट्याने विघटित होते, आणि फ्लुमाझेनिलचा उतारा त्यालाही चालतो. त्यामुळे अट थोडी सैल आहे: गुंगी देण्याचे प्रशिक्षण पुरते, पूर्ण भूल देण्याचे लागत नाही. पण तपासणी करणाऱ्यानेच औषध देऊ नये, हा नियम येथेही कायम आहे. दुर्बिणीच्या पडद्यावर डोळे लावलेल्या डॉक्टरला रुग्णाची छाती हलते की नाही, हे दिसत नाही. शिवाय ऑक्सिजन चालू असताना बोटावरचा ऑक्सिमीटर श्वास थांबल्यानंतरही काही वेळ चांगला आकडा दाखवत राहतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ मात्र लगेच सूचना देतो, आणि ती वाचणारे कोणीतरी मोकळे असावे लागते. वेदनेसाठी सोबत फेंटॅनिल दिलेले असेल, तर फ्लुमाझेनिलने त्याचा परिणाम उतरत नाही. त्यासाठी नॅलॉक्सोन लागते. आणि कोणताही उतारा लागू पडेपर्यंत रुग्णाला श्वास द्यावा लागतो, तो हातानेच.