मोजमाप पुस्तिकेत पाण्याचा रकाना हवा
(अध्यक्षीय भाषण)



वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते, म्हणून मार्कंड्याचा हा घाट पुण्याचा मानला जातो आणि महाशिवरात्रीला लाखो भाविक इथे येतात. याच नदीच्या खोऱ्यात सरकारी पैशातून बांधलेल्या पाण्याच्या कामांची मोठी साखळी उभी आहे: वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण, याच चामोर्शी तालुक्यात चिचडोह बॅरेज, आणि खाली प्राणहिता गोदावरीला मिळाल्यावर सिरोंचा तालुक्याच्या काठाला टेकलेलं तेलंगणाचं मेडिगड्डा बॅरेज. ही कामं कोणत्या नियमांनी दिली जातात, याविषयी बोलायला यापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही.

पूर्व विदर्भाला तलावांची परंपरा आहे. ज्याने तलाव बांधावा, त्याला त्याखाली भिजेल ती जमीन मिळावी, अशी गोंड राजांच्या काळातली रीत सांगितली जाते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आजही हजारो माजी मालगुजारी तलाव धानाच्या बांध्यांना पाणी देतात. त्या रीतीतलं मर्म व्यवहाराचं होतं. बांधणाऱ्याचा मोबदला पाण्यावर ठरत होता. पाळ फुटली, गाळ साचला, तर नुकसान आधी त्याचंच होई, म्हणून पाळीवर त्याचं स्वतःचं लक्ष असे. राजेशाही परत आणा, असं मी म्हणत नाही. पण मोबदला आणि पाणी यांची ती गाठ आपल्या निविदांमधून सुटली आहे, आणि ती पुन्हा बांधली पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

ही गाठ कुठे सुटली, ते मोजमाप पुस्तिका उघडली की दिसतं. लांबी, रुंदी, खोली, परिमाण असे तिचे रकाने. चर किती मीटर खोदला, नळ कोणत्या व्यासाचा टाकला, टाकीचं काँक्रीट किती घनमीटर झालं, सगळं त्यात येतं. त्यावरून देयक बनतं आणि रक्कम अदा होते. टाकीपासून सगळ्यात लांबच्या टोल्यावर, शेवटच्या घरी, एप्रिल-मे महिन्यात किती लिटर पाणी आलं, याला त्यात रकाना नाही. ज्याला रकाना नाही, त्याचा पैसा नाही, आणि ज्याचा पैसा नाही, त्याची काळजी कोणी घेत नाही. नियम पाळून, कागद चोख ठेवून, कोरडा नळ उभा राहू शकतो.

याची सर्वांत मोठी किंमत आपण गोसीखुर्दला मोजली. 1983 मध्ये प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हा खर्च 372 कोटी धरला होता. 1988 मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. 2016 मध्ये सुधारित प्रशासकीय मान्यता 18,494 कोटींवर पोचली. उद्दिष्ट 2,50,800 हेक्टर सिंचनाचं, ज्यात चंद्रपूर जिल्ह्याचाही मोठा वाटा आहे. महागाई, पुनर्वसन, वाढलेली व्याप्ती ही कारणं खरी आहेत. पण कालव्यांच्या अस्तरीकरणाचा दर्जा, भूसंपादनाआधी आणि वनमान्यतेआधी सुरू केलेली कामं, निविदेनंतर वाढत गेलेली परिमाणं हेही तितकंच खरं आहे. 2012 ची श्वेतपत्रिका आणि डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीचा 2014 चा अहवाल यांनी हे प्रश्न राज्यासमोर आणले. दोषी कोण, हे न्यायालयं ठरवतील. नियम कसे असावेत, हे ठरवणं मात्र आपल्या व्यवसायाचं काम आहे.

मेडिगड्डाचं उद्घाटन जून 2019 मध्ये झालं आणि 21 ऑक्टोबर 2023 ला त्याचे काही खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने नियोजन, संकल्पन, गुणनियंत्रण आणि देखभाल या चारही पातळ्यांवर त्रुटी दाखवल्या. वेगाने पूर्ण झालेलं काम आपण गौरवतो. त्याच गौरवात स्वतंत्र तपासणीलाही जागा हवी, एवढा धडा आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवरच मिळाला आहे.

आता घरच्या नळाकडे येऊ. 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशन जाहीर झालं. प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, हे त्याचं मोजमाप. पाणी समितीत निम्म्या महिला, देयकाआधी त्रयस्थ संस्थेची तपासणी, वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जमातीबहुल गावांना लोकवर्गणी 10 ऐवजी 5 टक्के, ही सगळी चांगली कलमं मार्गदर्शक सूचनांत आहेत. निविदा मात्र जुन्याच चाकोरीतून निघते. कमीत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. अंदाजपत्रकाच्या फार खाली दर गेला की जादा सुरक्षा ठेव घेतली जाते. त्या ठेवीने शासनाच्या पैशाला आधार मिळतो, नळाच्या जाडीला आणि चराच्या खोलीला मिळत नाही. परवडत नसलेला दर शेवटी जमिनीखाली भरून काढला जातो, कारण तिथे कोणी पाहायला येत नाही.

म्हणून या संमेलनापुढे मी चार गोष्टी ठेवतो. पहिली, जमीन, वनमान्यता आणि पूर्ण संकल्पन हातात आल्याशिवाय निविदा निघू नये. तुलतुली, कारवाफा, चेन्ना ही नावं वनकायद्यात अडकलेले प्रकल्प म्हणून गडचिरोलीत पोरालाही ठाऊक आहेत. दुसरी, विंधन विहिरीची क्षमता-चाचणी उन्हाळ्यात व्हावी. कठीण खडकातली विहीर ऑगस्टमध्ये देते ते पाणी मे महिन्यात देईलच असं नाही, आणि योजना मात्र त्याच आकड्यावर उभी राहते. तिसरी, निविदेत पाच वर्षांची देखभाल धरावी आणि देयकाचा ठरावीक भाग एक पूर्ण उन्हाळा पाणी शेवटच्या घरी पोचल्यावरच द्यावा. केंद्राने ऑक्टोबर 2021 पासून, सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेल्या गुणवत्ताप्रधान कामांत दर्जाला 30 टक्क्यांपर्यंत गुण देण्याची वाट मोकळी केली आहे. ती आपल्याकडेही चालायला हवी. मात्र मोजलेल्या कामाची देयकं महिनोन् महिने अडकली, तर प्रामाणिक कंत्राटदार आधी बुडतो. पाण्यावर पैसा ठरवणाऱ्या शासनाने तो पैसा वेळेवर, उशीर झाला तर व्याजासह, दिला पाहिजे. चौथी, निविदेचा सारांश मराठीत आणि गरज तिथे गोंडीत ग्रामसभेपुढे वाचावा: नळ कोणता, चर किती खोल, देखभाल कोणाची.

ग्रामसभेला हे पेलवेल का, असं मला विचारलं जातं. गडचिरोलीच्या ग्रामसभा पेसा आणि वनहक्क कायद्याच्या बळावर तेंदूपत्त्याची आणि बांबूची विक्री स्वतः करतात. निविदा मागवतात, दर ताडून पाहतात, करार करतात, मजुरी वाटतात. 2011 मध्ये मेंढा-लेखा गावाने बांबूच्या वाहतूक परवान्याचा हक्क मिळवला, तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. तेंदूच्या पुड्याचा भाव ज्यांना करता येतो, त्यांना नळाच्या चराची खोली मोजता येते. टेप लावून चर मोजायचा त्यांना आपण फक्त अधिकार द्यायचा आहे.

या चार मागण्यांचा ठराव आज आपण करावा, आणि संबंधित जिल्हा परिषदांना, जलसंपदा व पाणीपुरवठा विभागांना पाठवावा, अशी माझी विनंती आहे. आणि ठराव पाठवून थांबू नये. इथे बसलेल्या प्रत्येक अभियंत्याने आपल्या पुढच्या अंदाजपत्रकात शेवटच्या घराच्या पाण्याचा रकाना स्वतः आखावा. नियम बदलेपर्यंत एवढं आपल्या हातात आहे, आणि ते उद्यापासून करता येईल.