शिकाऱ्याची रिकामी जागा



 पक्षिमित्रांनो, निफाडला येताना स्वेटर आणले असतील अशी आशा आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की आमच्या तालुक्याचं नाव पेपरात येतं. एरवी ते द्राक्षांमुळे, नाहीतर लासलगावच्या कांद्यामुळे. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म १८४२ साली याच गावात झाला, हे मात्र आम्हालाच पाहुण्यांना सांगावं लागतं.

स्वागताध्यक्षाने गावाचं कौतुक करावं आणि खाली बसावं असा रिवाज आहे. त्यातून मी द्राक्षबागाईतदार, पक्ष्यांचा अभ्यासक नव्हे. पण या संमेलनाला पाणपक्षी, पाणथळ आणि शिकारी असा विषय ठेवल्यावर काही जणांनी विचारलं, ‘भाऊ, बंदूकवाल्यांना बोलावताय की काय?’ त्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते इथेच देऊन टाकतो.

आमच्या तालुक्यातला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला, तो कालव्यांसाठी. बदकांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर पाणी अडलं, गाळ बसत गेला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तूट. तलवार बदकाच्या हिशेबात तीच पंगत. ते शेपूट आभाळाकडे करून डोकं पाण्यात खुपसतं आणि तळातलं बी, किडे टिपतं. मान पुरेल एवढंच पाणी त्याला हवं. पाणी वाढलं की पंगत उठली. थापट्या शेजारीच पसरट चोच पाण्यावर फिरवत गाळून खात असतो.

ही बारकी माहिती दुर्बिणी येण्याआधी शिकाऱ्याला होती. पाणी कुठे किती, थवा कुठल्या अंगाने उतरतो, वारा कुठला, हे कळल्याशिवाय त्याच्या हाती काही लागत नसे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली निघाली तेव्हा तिच्या सभासदांत शिकारीचे शौकीन भरपूर होते. पक्षितज्ज्ञ सालिम अलींची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. गळ्यावरचा पिवळा डाग कसला, हे विचारायला ते पोरवयात, १९०८ साली, सोसायटीत गेले. पुढे त्यांनीच आमच्या या पाण्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं.

खुद्द राजस्थानातल्या भरतपूरचं काय? १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. आकडा ऐकून अंगावर काटा येतो. पण तिथे दरवर्षी पाणी सोडून दलदल राखली जात होती, ती याच शिकारीसाठी. संस्थान गेलं, तरी ते पाणथळ उरलं.

अमेरिकेने शिकारीसाठी पाणथळ राखणं कायद्यात बसवलं. १९३४ पासून तिथे बदकं मारायची तर सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं. पहिलं एका डॉलरचं होतं. डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी घेण्यात आणि राखण्यात जातात. आजवर साठ लाख एकरांच्या आसपास जमीन अशी वाचली. बदकांविषयीच्या कळवळ्याने सगळेच देत असतील असं नाही. पुढच्या हंगामात थवे यावेत, ही त्यांची गरज आहे.

आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वेगळा रस्ता धरला. तो योग्यच होता, बंदूक परत यावी असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. इथे मुद्दा एवढाच की शिकारी गेला आणि त्याची जागा रिकामी राहिली. थवे आले नाहीत तर आपलं नुकसान झालं, असं वाटणारा माणूस पाण्याकाठी कोण आहे? १९८६ साली नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य झालं, रामसर यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव आमचं लागलं. फलक लागले. पण बागेतली औषधं पावसाबरोबर त्याच पाण्यात उतरतात. त्यात माझ्याही बागेचा वाटा आहे.

दुसरा शिकारी, फास लावून पक्षी धरणारा फासेपारधी, आपण मोजलाच नाही. त्याला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या धर्तीवर जन्मतः गुन्हेगार ठरवलं गेलं. तो शिक्का पुसायला १९५२ उजाडलं, आणि तोही कागदावरचाच पुसला. पण त्याची विद्या आपल्याला लागतेच: अभ्यासासाठी पक्ष्याच्या पायात वळं घालायचं तर आधी तो पीसही न मोडता धरावा लागतो, आणि ही विद्या विद्यापीठात मिळत नाही. सोसायटीच्या वळी घालण्याच्या कामात बिहारच्या मीरशिकार समाजातले अली हुसेन यांचे हात होते. लेखक मारुती चितमपल्लींनी पारध्यांकडून किती घेतलं, हे त्यांचे वाचक जाणतातच. विदर्भात ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन माळरानं राखायचं काम चालवलं आहे. गोदाकाठी हे का होऊ नये, यावर आपण दोन दिवसांत भांडावं. मनसोक्त भांडावं, जेवणात पिठलं-भाकरी आणि द्राक्षं आहेत, ताकद कमी पडणार नाही.

स्वागत समितीने आपल्या अखत्यारीत होतं तेवढं केलं आहे. नोंदणी शुल्कातला काही भाग बाजूला काढून काठच्या मासेमार आणि पारधी कुटुंबांतल्या जाणत्यांना मानधन दिलं आहे. उद्या पहाटे चापडगावच्या पक्षिनिरीक्षण मनोऱ्याकडे निघणाऱ्या प्रत्येक गटापुढे त्यांच्यातला एक जण असेल. ते थांबतील तिथे थांबा, मोबाइल बंद ठेवा. गाड्या साडेपाचला सुटतील, आणि आमच्याकडे साडेपाच म्हणजे साडेपाचच.