गर्भवतीचे व्यसन आणि औषध

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘बाळंतिणीची काळजी’ या विषयावर बोलायला सांगितले होते. पण डिंकाच्या लाडवांविषयी तुम्हांला मी काय नवे सांगणार? म्हणून त्यांच्या परवानगीने विषय थोडा बदलला आहे. गरोदर बाईला गर्दाचे, म्हणजे अफूपासून होणाऱ्या विषाचे व्यसन असेल तर काय करावे?

“आपल्यांत कोण असले?” असे कुणी म्हणेल. पण गिरणगावातल्या बाया कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी देत, हे इथल्या वडीलधाऱ्या बायकांनी ऐकलेले असेल. अफूचे भाऊबंद आज खोकल्याच्या काही औषधांत आणि दुखण्यावरच्या काही गोळ्यांतही असतात.

1991 साली मी एका इस्पितळात प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर होते. सातव्या महिन्याची एक मुलगी आली. गर्द ओढणारी. आम्ही तिचे सारे एकदम बंद केले. रात्री ती कळवळून म्हणाली, “सिस्टर, अंग फुटतंय, काहीतरी द्या हो!” मी म्हणाले, “आई व्हायचंय ना? मग सोस!” तिसऱ्या रात्री ती निघून गेली. तिचे आणि बाळाचे पुढे काय झाले, ते मला कधीच कळले नाही.

त्या रात्री मी चुकले. व्यसन असे तडकाफडकी तोडले की बाई बहुधा पुन्हा त्याकडे वळते. तोवर शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा जिवावर बेतते. शिवाय गर्दाची धुंदी चढते-उतरते, तसे पोटातल्या बाळालाही हेलकावे बसतात. म्हणून तिला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात. मेथाडोनचा उपचार 1960 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी सुरू केला. निस्वांडर बाई होत्या, हे मुद्दाम सांगते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळवायची; आपल्याकडे सरकारी केंद्रांतूनही ती मिळते.

“म्हणजे एक नशा सोडून दुसरी!” मीही असेच म्हणत असे. पण मोजून दिलेल्या या औषधाने धुंदी येत नाही, तलफ शमते. बाई जेवते, झोपते, तपासणीला येते. दिवस भरत आले की मात्रा कधी वाढवावी लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

जन्मल्यावर एक-दोन दिवसांत बाळ थरथरते, किंचाळून रडते, नीट पीत नाही, असे होऊ शकते. त्यावर इलाज आहे. मंद उजेड, शांतता, दुपट्यात गुंडाळणे आणि आईची कूस. गरज पडली तर मॉर्फिनचे थेंब देऊन ते हळूहळू कमी करतात. आई औषधावर स्थिर असेल आणि दुसरे काही घेत नसेल, तर अंगावरही पाजावे.

अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रियात 175 गरोदर स्त्रियांवर केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांची बाळे सरासरी 10 दिवस, तर मेथाडोनवाल्यांची साडेसतरा दिवस इस्पितळात राहिली. पण ब्युप्रेनॉर्फिन अर्ध्यावर सोडणाऱ्या बायकाही अधिक निघाल्या. तेव्हा जिला जे मानवेल ते खरे. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही दोन्ही औषधांना मान्यता देणारी शिफारस केली. मौज पाहा, त्याच वर्षी अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने अशा आईवर खटला भरण्याचा कायदा केला! धास्तावलेल्या बायका डॉक्टरांकडे जाईनाशा झाल्या. 2016 साली तो कायदा संपला. मी त्या मुलीला एका वाक्याने घालवले, त्यांनी कायद्याने.

आता चहा आहे. चारचौघींत विचारायचा संकोच वाटेल असे कुणाचे काही असेल, घरातले किंवा शेजारचे, तर मी मागच्या खोलीत बसते आहे. नाव सांगायची गरज नाही.