योगाची पहिली पायरी



सन २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून साजरा होतो. गावोगावी सतरंज्या अंथरल्या जातात, आबालवृद्ध आसने करतात. आरोग्याच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. परंतु आसन म्हणजेच योग, हा समज मात्र तपासून पाहिला पाहिजे.

‘योग’ या शब्दाचा जैन दर्शनातील अर्थ ऐकून नवखा साधक चकित होतो. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात मन, वचन आणि काया यांच्या क्रियेलाच योग म्हटले आहे. आत्म्याकडे कर्म वाहून येते ते याच द्वाराने. म्हणून तो आस्रव. या त्रिविध क्रियेचा सम्यक् निग्रह म्हणजे गुप्ती. पुढे आचार्य हरिभद्रसूरींनी, जो धर्मव्यापार जीवाला मोक्षाशी जोडतो तो योग, अशी व्याख्या केली. या दोन अर्थांत विरोध नाही. नावेला छिद्र कोठे आहे हे पहिला सांगतो. नाव कोणत्या तीराला लावायची हे दुसरा.

महर्षी पतंजलींच्या अष्टांगयोगातही आसनाचे स्थान तिसरे आहे. त्याआधी यम आणि नियम येतात. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पाच यम म्हणजे जैन मुनींची पंचमहाव्रतेच होत. श्रावक तीच अणुव्रतांच्या रूपाने पाळतो.

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपालासाठी ‘योगशास्त्र’ रचले. त्याचे बारा प्रकाश आहेत. आसनांचा विचार चौथ्या प्रकाशात येतो, प्राणायामाचा पाचव्यात. आणि श्वास रोधल्याने मनाला क्लेश होतो, म्हणून मोक्षासाठी प्राणायाम आवश्यक नाही, असेही आचार्य पुढे स्पष्ट करतात. मग आरंभी काय आहे? पहिल्या प्रकाशाच्या अखेरीस सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांतील पहिला गुण आहे न्यायाने मिळविलेले धन! योगाच्या ग्रंथात गृहस्थाला प्रथम त्याच्या कमाईविषयी विचारले जाते, ही गोष्ट मननीय आहे.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी साऱ्या देशाला अस्वस्थ केले. पाऊस, कर्ज, भाव अशी त्यांची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व कोणा एकाच्या हातातली नाहीत. परंतु काट्यावरचा न्याय तरी व्यापाऱ्याच्या हातात असतो. तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले, त्यांत चोरीचा माल घेणे, देण्याघेण्याची मापे कमीजास्त ठेवणे आणि अस्सल म्हणून नक्कल विकणे यांचा समावेश आहे. वर्षभर राबून आलेल्या शेतकऱ्याचा माल तोलताना काटा सरळ राहिला, त्याला दिलेले बियाणे अस्सल असले, तर त्या दुकानातही योगसाधनाच चालली आहे असे समजावे.

शेजारचे कारंजा हे जैन विद्येचे पुरातन केंद्र. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी ‘शकुंतला’ चालू होती, तेव्हा ती कारंजा, दारव्हा करीतच येई. याच कारंज्यातून १९३३ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला ‘पाहुडदोहा’ प्रकाशित झाला. अपभ्रंश भाषेतील या ग्रंथात मुनी रामसिंहांनी केवळ बाह्याचारावर विसंबणाऱ्यांना वारंवार सावध केले आहे. मन पालटले नाही, तर वेश पालटून काय साधले, हा त्यांचा रोख आजच्या साधकालाही लागू आहे.

सामायिकाची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटांची. तेवढा वेळ शत्रु-मित्र, लाभ-हानी समान मानण्याचा अभ्यास घडतो. पण अभ्यासाची परीक्षा आसनावरून उठल्यावर होते. ग्राहकाशी बोलताना वाणी संयत राहिली, नोकराच्या चुकीवर क्रोध आवरला, नफ्याला मर्यादा घातली, की गुप्तीचा अर्थ पोथीतून जीवनात उतरतो.

म्हणून आसने अवश्य करावीत, ध्यानही करावे. मात्र पहिली पायरी गाळून कोणी शिखरावर पोहोचत नाही, एवढे स्मरणात असावे.

जय जिनेंद्र!