फ्रेज सॅम्पलर घ्यावा का? एका फौजीचा हिशेब

आजचा विषय एका छोट्या यंत्राचा आहे, पण त्यात एका माणसाच्या बिदागीचाही प्रश्न आहे.

मी पायदळात होतो, निवृत्तीनंतर जयपूरलाच स्थायिक झालो. बाजाची पेटी हौसेपुरती वाजवतो. आमच्या इथल्या मराठी मंडळात गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. दहा दिवस आरत्यांना आणि भजनांना एक स्थानिक ढोलकवादक येतात, त्यांना दरवर्षी बिदागी द्यावी लागते. त्याऐवजी एकदाच सॅम्पलर घेऊन टाकू, असं तरुण मंडळींचं म्हणणं. मला सांगितलं, "काका, तुम्ही बघून सांगा."

फौजेत मोठा निर्णय घेण्याआधी 'ॲप्रिसिएशन' लिहितात. आधी उद्दिष्ट, मग परिस्थितीतले घटक, मग पर्याय आणि शेवटी निर्णय. तसंच इथे करू.

आधी यंत्र काय आहे ते सांगतो. ऑर्केस्ट्रात किंवा बेंजो पार्टीत ऑक्टापॅड तुम्ही पाहिला असेल. त्यावर काठी मारली की एकेक आवाज निघतो. फ्रेज सॅम्पलरमध्ये एकेका बटणामागे वाजवलेलं अख्खं वाक्य साठवता येतं. ढोलकीचं एक आवर्तन, तानपुऱ्याची झार, शंखाचा नाद. बोट दाबलं की ते वाक्य सुरू, आणि सांगितलं तर पुन्हा पुन्हा वाजत राहतं. मी पाहिलं ते रोलँड या जपानी कंपनीचं एसपी-404 एमके टू, 2021 साली आलेलं. या घराण्यातलं पहिलं 404 आलं 2005 साली.

आता जमेची बाजू. एक, लॅपटॉप लागत नाही. मांडवात लॅपटॉप म्हणजे चार्जर, माऊस, मध्येच अपडेट, आणि कोणीतरी त्यावर ठेवलेला चहा. हे यंत्र साधारण एक किलो वजनाचं, सहा पेन्सिल सेलवरही चालतं. वीज गेली तरी तानपुरा थांबत नाही. मात्र सेल भराभर संपतात, जादा संच जवळ हवाच.

दोन, साठवण. 16 बटणं, त्यांच्या 10 बँका, म्हणजे एका प्रोजेक्टमध्ये 160 तुकडे. असे 16 प्रोजेक्ट. आरत्या, भजनं, लहान मुलांच्या कार्यक्रमाचं संगीत, सगळं वेगवेगळं लावून ठेवता येतं.

तीन, मला सगळ्यात आवडलेली सोय. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबलेलं नसलं तरी यंत्र मागचे सुमारे 25 सेकंद लक्षात ठेवतं. काहीतरी छान वाजून गेलं आणि मग "अरे, हे राहायला हवं होतं" असं वाटलं, तर ते परत मिळवता येतं.

आता उणी बाजू. पडदा लहान आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला चष्मा लावूनही वाकावं लागतं. एका बटणाला दोन-तीन कामं, त्यामुळे कुठलं बटण कशासोबत दाबायचं हे पाठ करावं लागतं. फौजेत रायफल डोळे बांधून खोलायला-जोडायला शिकवतात, तेवढा सराव इथे लागतो. आणि जयपूरची धूळ. एक आंधी आली की बटणांच्या फटीत वाळू. झाकण किंवा कापड नसेल तर हे यंत्र मांडवात आणूच नये.

पण खरी अडचण लयीची आहे. केरव्याच्या आठ मात्रा मिनिटाला 160 च्या गतीने घेतल्या तर एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांचं होतं. तुकडा कापताना समेपासून समेपर्यंत नेमका कापला नाही, सेकंदाचा विसावा भाग जरी जास्त राहिला, तरी प्रत्येक आवर्तनाला ठेच लागते. शेजारी दुसरा तुकडा चालू असेल तर मिनिटाभरात दोघांत एका सेकंदाचं अंतर पडतं. हे शिकता येतं, कान तयार होतो. जे शिकता येत नाही ते असं की, आरती एका गतीत होत नाही. सुरुवात सावकाश, मग टाळ्या चढतात, मंत्रपुष्पांजलीच्या आधी लय कुठल्या कुठे गेलेली असते. यंत्राची गती हाताने वाढवता येते, पण ताणलेल्या-आवळलेल्या तुकड्यात ढोलकची थाप फिसकटते. आणि गती वाढवणारा माणूस लागतोच! एखादी आजी कडवं विसरली, तर ढोलकवाला तिच्यासाठी दोन मात्रा थांबतो. यंत्र थांबत नाही.

आता एक घटक, जो बैठकीत कोणी मांडलाच नव्हता. यंत्रात वाजणारी ढोलक येणार कुठून? उत्तर आलं, "त्याच्याकडूनच एकदा रेकॉर्ड करून घेऊ." म्हणजे ज्याचं काम काढून घ्यायचं, त्याच्याच हाताचं वाक्य वापरायचं.

आपला कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. 1994 च्या दुरुस्तीने त्यात कलावंताचे हक्क आले आणि 2012 च्या दुरुस्तीने ते बळकट झाले. कलावंत कोण, याची यादी वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, चक्क गारुडीसुद्धा, आणि व्याख्यान देणाराही. म्हणजे कालबेलियांची पुंगी आणि माझी ही बडबड, दोन्ही त्यात बसतात. कलावंताच्या संमतीशिवाय त्याची कला मुद्रित करून वापरता येत नाही, व्यापारी वापर झाला तर मानधनाचा हक्क आहे, आणि हा हक्क 50 वर्षं टिकतो. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा निव्वळ शिकवण्यासाठी केलेल्या मुद्रणाला सूट आहे. घरी रियाजाला चालेल. मंडळाच्या मंचावर दरवर्षी वाजवायचं तर आधी विचारायला हवं. राजस्थानात हे अधिकच लक्षात ठेवावं. लंगा-मांगणियारांसारख्या समाजांची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई हीच वाक्यं आहेत. खडतालचा चार सेकंदांचा तुकडा उचलणं सोपं आहे, म्हणून तो बेवारस ठरत नाही.

मग पर्याय तीन. यंत्र घेऊ नये. यंत्र घेऊन माणूस काढावा. किंवा यंत्र घ्यावं आणि दोघांची कामं वाटून द्यावीत. माझा निर्णय तिसरा.

यंत्राला द्यायची कामं म्हणजे तानपुरा, शंख, नाटुकल्यातले आवाज, आणि वर्षभराचा भजनाचा सराव. सरावाला न थकणारा, न रागावणारा ठेका हवा असतो, तिथे हे उत्तम. आरती आणि भजनाची ढोलक माणसाकडे. आणि सरावासाठी त्यांचे ठेके मुद्रित करायचे, तर विचारून, लेखी, वेगळे पैसे देऊन. रक्कम मंडळाच्या हिशेबात दिसली पाहिजे.

मी हे समितीला एका पानात लिहून दिलं. पहिली दोन कलमं मान्य झाली. तिसरं, म्हणजे पैशांचं, पुढच्या बैठकीवर गेलं आहे. मी त्या बैठकीला जाणार आहे.

तुमच्या मंडळात असा विषय निघाला, तर एवढं करा. दुकानात जाताना स्वतःचा हेडफोन न्या. तिथेच एक आवर्तन मुद्रित करून ते पाच मिनिटं सलग ऐका. आणि खरेदीच्या बैठकीला तुमच्या ढोलकवाल्यालाही बोलवा. यंत्राच्या लयीतली खोट तोच सगळ्यात आधी सांगेल.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.