कानात बिल्ला, पण नोंद कुणाच्या नावावर?

बाजारात बैल घ्यायला गेलात की तुम्ही काय बघता? दात बघता, खूर बघता, खांदा चाचपता, चार पावलं चालवून बघता. हे सगळं बरोबरच आहे. पण आता त्याचा कानही बघायला हवा.

कानातला पिवळा बिल्ला तुमच्या ओळखीचा आहे. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक सरकारच्या ‘भारत पशुधन’ या संगणकीय नोंदीत चढवलेला असतो. जनावराची जात, वय, लसीकरण, रेतन आणि मालकाचं नाव तिथं लिहिलेलं असतं. बिल्ला म्हणजे नुसता आकडा. खरा आधार आहे तो मागच्या नोंदीचा.

गेल्या वळवाच्या पावसात माझ्या फिरतीच्या एका गावी झाडाखाली बांधलेला बैल वीज पडून दगावला. पंचनामा झाला. बैलाच्या कानात बिल्ला होता. पण क्रमांक तपासला, तर मालक म्हणून नाव निघालं ते विकणाऱ्याचं! बैल आणून आठ महिने झाले होते, पण नोंद बदललीच नव्हती. बाजाराची पावतीही हरवलेली. ऐन पेरणीच्या तोंडावर त्या गृहस्थाला विकणाऱ्याचा पत्ता शोधत हिंडावं लागलं. दवाखान्याच्या एका खेपेनं हे टळलं असतं.

आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई करण्यात आली. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्याचा हल्ला यात जनावर दगावलं, तर भरपाईसाठीही बिल्ला आवश्यक ठरवला आहे. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. जनावर घेताना विसार देण्यापूर्वी बिल्ल्याचा क्रमांक स्वतः वाचा. पावतीवर तोच क्रमांक लिहून घ्या. नोंद विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, याची खात्री करा. कान नुकताच फाटलेला दिसला, तर कारण विचारा.

२. जनावर घरी आणल्यावर पावती घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि नोंद आपल्या नावावर करून घ्या. विकणाऱ्यानंही आपलं नाव निघालं की नाही, ते पाहावं.

३. बिल्ला झुडपात अडकून पडला, तर लगेच कळवा. नवीन बिल्ल्याचा क्रमांक वेगळा असतो, तो जुन्या नोंदीला जोडून घ्यावा लागतो. त्यासाठी जुना क्रमांक तुमच्या वहीत हवा.

४. गाय व्याली, जनावर दगावलं किंवा तुमचा मोबाइल क्रमांक बदलला, तरी नोंद दुरुस्त करून घ्या.

५. लाळ्या-खुरकुताची लस टोचली की ती त्याच क्रमांकावर चढली का, हे तिथल्या तिथं विचारा. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस देतात, तिचीही नोंद बघा.

काही जण म्हणतात, “साहेब, बिल्ल्यानं कान पिकतो.” बिल्ला मारताना हत्यार स्वच्छ नसेल किंवा नंतर जखमेवर माश्या बसल्या, तर कान पिकू शकतो. बिल्ला शिकलेल्या माणसाकडूनच मारून घ्या. जखम भरेपर्यंत रोज कान बघा. सूज, पू किंवा अळ्या दिसल्या, तर दवाखान्यात दाखवा. पण कान दुखतो म्हणून बिल्ला कापून टाकू नका.

मंडळी, सातबारा आपण जपून ठेवतो. फेरफार झाला का म्हणून पुन्हा पुन्हा विचारतो. दावणीच्या जनावराचीही तशीच काळजी घ्या. आज संध्याकाळी वैरण टाकताना वही-पेन्सिल घेऊन गोठ्यात जा. एकेका जनावराचा क्रमांक उतरवून घ्या, आणि दवाखान्यात जाऊन प्रत्येकाची नोंद कुणाच्या नावावर आहे, ते विचारून या.